ग्लूटेन-फ्री म्हणे!

गेल्या महिन्यात एक गंमत झाली. गंमत कसली, चांगलाच मनस्ताप झाला. पण तेव्हापासून डोक्यात जे भुणभुण करतंय ते आज शनिवार आहे, बिल्ड कुणी तोडलेलं नाही, तर एकदाचं लिहून टाकतो. थोडं चिडून लिहिलंय, सांभाळून घ्या.

धाकट्या बहिणीचा वाढदिवस होता. म्हणलं, दरवर्षी घरीच केक कापतो, या वर्षी जरा स्टाईलमध्ये करू. आमचं घर पोयनाडच्या पुढं खारेपाटात. तिथून तासाभरावर, समुद्राला लागून एक रिसॉर्ट आहे. नाव लिहीत नाही, तसं एकच नाहीये ते. आई, धाकटी आणि मी असे तिघं आपल्याच तालुक्यात पर्यटक होऊन गेलो. गेटवरच्या पोरानं गाडीचा नंबर लिहून घेतला आणि हिंदीत ‘वेलकम सर’ म्हणाला. मी मराठीत ‘काय रे’ म्हणलं तर हसला.

मेन्यूकार्डवर एका पदार्थापुढं गव्हाच्या लोंबीवर काट मारल्याचं चित्र होतं. ‘कॅरिबियन कोस्टल बोल, ग्लूटेन-फ्री.’ आत काय, तर कोळंबी, नारळाचं दूध, रताळं, भोपळी मिरची, लिंबू आणि भात. किंमत ८७५ रुपये, टॅक्स वेगळा. आईनं मला कार्ड वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, “म्हंजे कोलबीचा कालवन न भात.” मी म्हणलं, हो, पण कॅरिबियन.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं. तिला सीलिअॅक आहे. दोन वर्षांपूर्वी कळलं. त्याआधी पाच-सहा वर्षं तिचं हिमोग्लोबिन आठच्या वर जात नव्हतं, पोट सतत फुगलेलं, आणि प्रत्येक डॉक्टर लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवायचा. शेवटी एकानं टीटीजी नावाची रक्ताची तपासणी सांगितली, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान झालं. गहू, जव आणि राय यांच्यात जे ग्लूटेन असतं, त्यावर शरीराची प्रतिकारशक्ती चवताळते आणि स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर खरवडून काढते. औषध नाही. उपाय एकच, ग्लूटेन बंद. जन्मभर. ‘थोडंसं चालेल’ हा प्रकार नाही. डाएट म्हणून चपाती सोडणारे आणि ही मंडळी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आधी स्पष्ट करून ठेवतो. जिम लावलेले आमच्या टीममधले दोघं ‘ग्लूटेन सोडल्यावर हलकं वाटतं’ म्हणतात. वाटू दे बापडं. पण शुक्रवारी पिझ्झाही खातात ते.

तर आम्ही वेटरला विचारलं, हे खरंच ग्लूटेन-फ्री आहे ना? तो आत जाऊन आला. शंभर टक्के, म्हणाला. धाकटी आनंदानं जेवली. बाहेर जाऊन काहीतरी छान, नवीन खाता आलं याचंच तिला अप्रूप. रात्री साडेअकराला तिला उलट्या सुरू झाल्या. मग पुढचे चार दिवस काय झालं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. मॅनेजर इंग्रजीत गोड बोलला. मग मी हट्टानं किचनमधल्या माणसाशी बोललो. तो बिचारा सरळ होता. म्हणाला, साहेब, कोळंबी सोया सॉसमध्ये मुरवून ठेवलेली असते ना. आणि परतली कुठं? तव्यावर. त्याच तव्यावर आधी काय झालं होतं? रवा लावलेली सुरमई.

सोया सॉस करताना सोयाबीनबरोबर गहू आंबवतात. रवा तर सरळसरळ गहूच. म्हणजे लोंबीवर काट मारलेल्या त्या वाडग्यात दोन वाटांनी गहू शिरला होता. आपल्याकडं एफएसएसएआयचा नियम आहे, ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन हवं. वीस मिलिग्रॅम! चिमटीत रव्याचे जेवढे कण येतील तेवढ्यात हे गणित कोलमडतं. पण मेन्यूवर ते चित्र काढणाऱ्याला हा नियम ठाऊक असेल असं मला वाटत नाही. बहुतेक डिझायनरनं टेम्प्लेटमधून उचललेलं असणार. प्रोजेक्टमध्ये आपण ‘सिक्युअर’ असं लिहितो तसंच.

एवढ्यावर राग संपला असता. पण त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट पाहिली होती, ती जास्त टोचतेय. हात धुवायला म्हणून मी मागच्या बाजूला गेलो तर किचनची पोरं ओट्यावर बसून जेवत होती. डब्यात तांदळाची भाकरी, वांगं घातलेला सुका जवळा आणि फोडलेला पांढरा कांदा. त्यातला एक ओळखीचा निघाला, पलीकडच्या गावचा. “दादा, या जेवाला,” म्हणाला. मी हसून ‘तुमचं चालू द्या’ म्हणलं आणि ८७५ रुपयांच्या बोलकडे परत गेलो.

त्या डब्यात गव्हाचा कणही नव्हता. धाकटी तिथं बसून जेवली असती तर ठणठणीत राहिली असती.

आता माझा मुद्दा. ‘बघा, आपल्या आज्ज्यांचंच जेवण आता ग्लूटेन-फ्री म्हणून विकतात’ अशी कौतुकाची पोस्ट तुम्ही शंभर वेळा वाचली असेल. हळदीच्या दुधाबद्दल वाचलीय, शेवग्याबद्दल वाचलीय. मला तसलं काही म्हणायचं नाहीये. माझं म्हणणं असं, की रायगडच्या किनाऱ्यावर गव्हाशिवायचं एक अख्खं, रोजचं, साधं, पोट भरणारं स्वयंपाकघर आहे. ते कुणी लपवलेलं नाही. पण ते तिथं येणाऱ्याला मिळत नाही, कारण आपण, म्हणजे आम्ही शिकून बाहेर पडलेली पोरं आणि तुम्ही वीकेंडला येणारे, दोघांनी मिळून त्याला लाजेची वस्तू करून ठेवलंय. आणि ज्या शेतावर-खाडीवर ते उभं आहे, ती आपणच विकत घेऊन नाहीतर विकून संपवतोय.

आधी स्वयंपाकघर.

तांदळाची भाकरी सोपी वाटते, करून बघा. गव्हाच्या पिठात पाणी घातलं की ग्लूटेनची जाळी तयार होते, म्हणून कणीक ताणली जाते, लाटली जाते. तांदळात ती जाळीच नाही. गार पाण्यात मळून थापायला गेलात तर भाकरीला चिरा जातात. म्हणून आई पाणी उकळते, त्यात चिमूटभर मीठ, मग पीठ घालून उकड काढते. गरम पाण्यानं तांदळातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. मग ती चटके बसत असताना तळव्यानं मळत राहायची. थापून तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि शेवटी फुगवायची. शहरात मिळणाऱ्या ग्लूटेन-फ्री ब्रेडच्या पाकिटावर ‘झँथन गम’ असं लिहिलेलं असतं, तेही पीठ धरून ठेवायलाच घालतात. आईची उकड तेच काम करते. तो ब्रेड निदानानंतर पहिले दोन महिने मी धाकटीसाठी मागवायचो. एका पाकिटाला दोनशेच्या वर, आणि चव थर्माकोलची. आई एक दिवस म्हणाली, “चपाती नाय चालत त नको खाव. भाकर हाय ना?” एवढं साधं माझ्या इंजिनिअर डोक्यात आलं नव्हतं.

भाकरीबरोबर काय? ऋतूप्रमाणं. कोळंबी आणि शेवग्याच्या शेंगा हे ठरलेलं. कैरीच्या दिवसात कैरी घालून सुक्या बोंबलाचं कालवण. वांग्यात जवळा. फणसाच्या आठळ्या आणि सुकट. भोपळ्यात करंदी. चिंबोऱ्या मिळाल्या तर त्या दिवशी दुसरं काही नाही. मासळी आणि भाजी एकाच टोपात शिजवायची ही आमच्याकडची खरी पद्धत. कारण उघड आहे, मासळी थोडी आणि खाणारी तोंडं जास्त. वांगं, शेंग, आठळी यांनी कालवण वाढतं. हॉटेलात मासळी ‘थाळी’त येते, एक मोठा तुकडा तळून मधोमध. आमच्या घरी असा तुकडा पाहुणा आला तरच. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लावतात, तिलाही ना पीठ लागतं ना पाव. पावसाळ्यात जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा उन्हाळ्यात वाळवलेलं सुकं. जुलैत रिसॉर्टमध्ये ‘ताजी सुरमई’ खाल्लीत ना, ती कुठून आली असेल याचा जरा विचार करा.

आणि तळणीबद्दल. रवा फ्राय हा प्रकार आमच्या घरी कधीच नव्हता. मासळीला हळद, मीठ, तिखट, चिंचेचा कोळ किंवा आगळ, आणि फार तर वरून तांदळाचं पीठ. कुरकुरीत होतं, तव्याला चिकटत नाही. रवा खाणावळींनी आणला, कारण तो गिऱ्हाइकाला दिसायला ‘भरघोस’ दिसतो. आज अलिबागच्या रस्त्यावर पाट्या बघा, ‘अस्सल मालवणी’, ‘गोवन’, ‘कोकणी थाळी’. आगरी किंवा कोळी असं लिहिलेली पाटी त्यात शोधावी लागते. मालवणशी माझं भांडण नाही, उत्तम खातात ते लोक. पण आमच्याच गावात येऊन आम्हाला दीडेकशे कोसांवरच्या नावानं जेवायला वाढतात याला काय म्हणायचं? आणि आता त्याच्याही पुढं गेलो, कॅरिबियन!

त्या कॅरिबियनचं पण जरा बघू. मी नंतर घरी येऊन बरंच वाचलं (रागाचा एवढा तरी उपयोग). तिथल्या साध्या घरांत जे शिजतं ते खरोखर आमच्यासारखंच आहे. नारळ, कंदमुळं, मिरची, खारवलेली मासळी. जमैकात खारा कॉड खातात, तो मुळात कॅनडाच्या बाजूनं स्वस्तात आणला जायचा, मळ्यांवरच्या गुलामांना खायला घालायला. आणि नीरफणस! चौल-रेवदंडा-नागावच्या वाड्यांमध्ये नीरफणसाची झाडं आहेत, त्याची कापं तांदळाचं पीठ लावून तळली तर बटाटा विसराल. हाच नीरफणस १७९३ मध्ये कॅप्टन ब्लाय नावाच्या इंग्रजानं ताहितीहून जहाजात घालून सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला नेला. त्याआधीच्या फेरीत त्याच्या जहाजावर बंड झालं होतं, तो प्रसिद्ध आहे त्यासाठीच. का नेला? गुलामांना फुकटात पोट भरायला काहीतरी हवं म्हणून. उलट आमच्या मसाल्यातली मिरची आणि उपासाचं रताळं मूळचं त्यांच्या बाजूचं, पोर्तुगीजांमार्फत इकडं आलेलं. चौलला १७४० पर्यंत पोर्तुगीज होतेच.

म्हणजे गरीब किनारे एकमेकांसारखं खातात. त्यात मला आनंदच आहे. पण ‘कॅरिबियन म्हणजे ग्लूटेन-फ्री’ हे तरी कुठं खरं? १८४५ पासून उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर करारावर त्रिनिदादला गेले, आणि त्यांच्याबरोबर रोटी गेली. आज तिथं रस्त्यावर मिळणारे ‘डबल्स’ म्हणजे मैद्याच्या पुरीत छोले. त्रिनिदादचा माणूस ‘कॅरिबियन, ग्लूटेन-फ्री’ हे वाचून हसेल. रिसॉर्टवाल्यानं दोन्ही नावं उधार घेतली आणि दोन्ही चुकीची वापरली.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल आईच्या भाकरीत वाहवत गेला. ‘पारंपरिक म्हणजे सुरक्षित’ हेही खोटं आहे. धाकटीच्या निदानानंतर आम्ही स्वयंपाकघर झडती घेतल्यासारखं तपासलं. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ निघालं. बांधणी हिंगात खरा हिंग थोडासाच असतो, बाकी डिंक आणि पीठ. आईला इंग्रजी वाचता येत नाही, ती डबी व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यासमोर धरून धाकटीला दाखवत होती आणि चित्र हलत होतं. मेतकुटात गहू. भाजणीत बहुतेकदा गहू. मुंबईच्या एका मित्राकडून आणलेल्या ईस्ट इंडियन बॉटल मसाल्यात भाजलेला गहू. आमचा घरचा मसाला मात्र आई चैत्र-वैशाखात स्वतः कुटून आणते, त्यामुळं त्यात काय आहे ते तिला तोंडपाठ आहे.

सगळ्यात मोठा घोटाळा गिरणीत. तांदूळ कितीही घरचा असला तरी त्याच जात्यातून आधी कुणाचा गहू गेला असेल तर पीठ गेलं कामातून. म्हणून आई आता सकाळी गिरणीवर जाऊन बसते आणि कुणाच्यातरी तांदळाच्या दळणामागं नंबर लावते, वर पहिलं किलोभर पीठ वेगळं काढून घेते. हे तिला कुठल्या डाएटिशियननं शिकवलं नाही. गिरणीत कशामागं काय दळायचं हे बायकांना पहिल्यापासून कळतं, नाचणीमागं कुणी तांदूळ दळत नाही. रिसॉर्टच्या शेफला नाही कळलं ते.

आकडे पण बघा. उत्तर भारतात झालेल्या अभ्यासात सीलिअॅक साधारण शंभरात एकाला सापडतो, दक्षिणेत हजारात एकाला. आनुवंशिक धोका दोन्हीकडं फारसा वेगळा नाही, फरक गहू किती खातात याचा आहे. आमच्या आजीच्या पिढीत आमच्याकडं कुणाला असेलही, पण गहूच नव्हता तर कळणार कसं. गहू म्हणजे लग्नाच्या लाडवाला किंवा सणाला. आता रेशनवर गहू येतो, आणि त्याहून मोठं कारण, चपाती ही सुधारलेल्या घराची खूण झाली.

इथं मला माझीच लाज सांगायला हवी. लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा आईनं दर रविवारी डबा द्यायचा. भाकरी आणि सुकट. पहिल्याच महिन्यात रूममेटनं नाक धरलं आणि बाकीचे हसले. मी पुढच्या रविवारी आईला म्हणलं, चपाती आणि बटाट्याची भाजी देत जा. ती काही बोलली नाही, देऊ लागली. नोकरी लागल्यावर ऑफिसचे मित्र पहिल्यांदा घरी आले तेव्हाही मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, भाकऱ्या नको, चपात्या कर. आणि पनीर आण. खारेपाटात, कोळंबीच्या दिवसात, पनीर! आईनं पोयनाडहून पनीर आणलं आणि ते कसं करायचं ते शेजारच्या सुनेला विचारून केलं. धाकटी तेव्हा शाळेत होती. घरात रोज चपाती सुरू झाली ती माझ्यापायी. तिचा आजार माझ्यामुळं झाला असं नाही, वैद्यकशास्त्र तसं म्हणत नाही. पण भाकरीची लाज घरात आणली मी.

तर मंडळी, रिसॉर्टला शिव्या घालायचा मला किती अधिकार आहे हा प्रश्नच आहे. तरी घालणार. कारण लाज आमची असली तरी फायदा दुसरीकडं जातोय.

हा तांदूळ येतो कुठून? खारेपाट म्हणजे खाडीला मातीचे बांध घालून समुद्राकडून सोडवलेली जमीन. पिढ्यान्‌पिढ्या हातानं घातलेले बांध, भरतीचं पाणी अडवायला आणि पावसाचं बाहेर सोडायला उघाड्या. त्यात खारं सोसणारा तांबडा राता भात व्हायचा, आता पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं काढलेल्या पनवेल-१, २, ३ अशा जाती आहेत. शेताशेजारी तळं, तळ्यात जिताडा. (अवांतर: आमच्याकडं गमतीनं म्हणतात, सरकारी कागद हलत नसेल तर जिताडा हलवावा.) भात निघाला की वरकडच्या गावांत, जमिनीत उरलेल्या ओलीवर पांढरा कांदा. त्या कांद्याला २०२२ मध्ये जीआय मिळालं.

बांध सांभाळायला माणसं लागतात. एका वर्षी खांड गेली आणि बुजवली नाही की खारं पाणी शेतात बसतं, दोन-तीन वर्षांत कांदळवन उगवतं, आणि मग ते जंगल म्हणून संरक्षित. कांदळवन हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण शेतकऱ्याचं शेत गेलं ते गेलंच. मग दलाल येतो. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, गाडीसकट तासाभरात. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला. दलालाची भाषा बदलली, आता तो गुंठ्यात बोलतो आणि ‘सी व्ह्यू’ म्हणतो. भाताच्या खाचरावर कंपाउंड येतं, लॉन येतं, आणि त्या घराच्या किचनमध्ये मुंबईहून ग्लूटेन-फ्री पीठ येतं. जमीन ग्लूटेन-फ्रीच पिकवत होती हो!

या जमिनीसाठी इथल्या माणसांनी काय केलंय हे वीकेंडवाल्यांना माहीत असायची गरज नाही, पण आमच्या पोरांना तरी? चरी गाव आमच्यापासून जवळ. १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप केला. खोताला अर्धं पीक देणार नाही म्हणून स्वतःचीच शेतं पडीक ठेवली. सहा वर्षं. डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले होते. ज्याचं सगळं पोट भातावर, त्यानं भात न लावणं म्हणजे काय हे माझ्या पिढीला कळायचं नाही, आम्हाला स्विगी वीस मिनिटं उशिरा आली तर रेटिंग कमी करतो. १९८४ च्या जानेवारीत जासई भागात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. मी ज्या इमारतीत बसून कोड लिहितो ती ऐरोलीला आहे. तिच्या खालीही आगऱ्या-कोळ्यांची भातशेतं आणि मिठागरंच होती. २००८ मध्ये पेणच्या बाजूला, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सेझवर सरकारनं चक्क मतदान घेतलं, आणि पुढं तो सेझ काही झाला नाही. तिथं अजून भात लागतो.

‘पण रिसॉर्टनी रोजगार दिला’ हे उत्तर मला ठाऊक आहे. दिला, खरंय. त्या मागच्या ओट्यावर जेवणारी पोरं पगारावर आहेत, त्यांना तिथून हाकला असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, त्यांनाच स्वयंपाक करू द्या की. ज्या पोराच्या डब्यात जवळा-वांगं आणि भाकरी आहे त्याला तुम्ही सोया सॉस ओतायला ठेवलंय. त्याच्या आईला रोज पन्नास भाकऱ्यांचं काम द्या, चपातीला वीस घेता तर भाकरीला चाळीस लावा, ती करायला कष्टही दुप्पट आहेत. वेगळा तवा ठेवा. आणि लोंबीवर काट मारायचीच असेल तर आधी गिरणीत, हिंगात, सॉसमध्ये बघून मग मारा.

तुम्ही येणाऱ्यांनीही ‘ग्लूटेन-फ्री ऑप्शन आहे का’ हा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर नेहमी ‘येस सर’ असतं. विचारा, मासळीला काय लावता? भाकरी कुठल्या पिठाची, गिरणी कुठली? आज घरी काय शिजलंय? शेवटचा प्रश्न विचारलात तर आमच्या गावात तुम्हाला उपाशी पाठवायची कुणाची हिंमत नाही. फक्त पनीर मागू नका. :)

धाकटी आता बरी आहे. गेल्या रविवारी घरी गेलो तर आईनं खाडीची कोळंबी, शेवग्याच्या शेंगा आणि भाकरी केली होती. शेजारी एका काकांच्या खाचरात चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसल्या. विचारलं तर म्हणाले, मोजणी झाली, बघू, अजून ठरलं नाय.

रिसॉर्टला मी लांबलचक मेल पाठवला होता, टीटीजी, वीस मिलिग्रॅम, सोया सॉस, सगळं मुद्देसूद. आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यांना माझ्या फीडबॅकबद्दल मनापासून आभार मानायचे आहेत, आणि पुढच्या भेटीत दोघांसाठी जेवणावर वीस टक्के सूट. व्हाउचर महिनाअखेरपर्यंत चालतं. कुणाला हवं असेल तर सांगा.